अर्जातल्या ‘विषय’पुढे काय लिहू?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी तिशीच्या आतली, एका खाजगी संस्थेत अकाउंट्समध्ये काम करते. तिचे साहेब वर्षभरात रिटायर होणार आहेत. स्क्रीनवरचं काहीतरी बघायचं म्हणून ते तिच्या खुर्चीमागे उभे राहतात आणि खांद्यावर हात ठेवतात, तो हात काम संपलं तरी तिथेच असतो. ब्लाउजच्या गळ्यावरून एकदा चारचौघांत बोलले. रात्री उशिरा ‘झोप येत नाहीये, तू काय घालून बसलीयेस’ असा मेसेज, आणि सकाळी ‘अगं गंमत केली’. ऑफिसात सगळ्यांचं एकच पालुपद, साहेब जरा चावट आहेत, पण मनाने चांगले. सुरुवातीला तीही हसायची. आता एचआरला तोंडी सांगितलं तर ते म्हणाले लेखी द्या. अर्ज टाइप करायला बसली आणि ‘विषय’ या शब्दापुढेच अडकली. ‘गैरवर्तन’ लिहिलं तर कोणीतरी उशिरा येतं अशी तक्रार वाटते. ‘विनयभंग’ लिहिलं तर दारात पोलीस येतील असं वाटतं. ‘लैंगिक छळ’ लिहायला हात धजत नाही, कारण ‘तेवढं काही झालेलं नाही’. नवरा म्हणतो मोठाच शब्द घाल, नाहीतर कोणी वाचणार नाही. ऑफिसातल्या जुन्या मावशी म्हणतात शब्द जपून वापर, माणूस जातोय आता. तिचे प्रश्न दोन: नेमका शब्द कोणता? आणि मी हसले होते, मग मला तक्रार करायचा हक्क उरला का?

---

तुझं पत्र वाचलं. आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते म्हणजे तो डोक्यातून जाईल. हो, हक्क आहे. साहेबांनी जोक मारला की हाताखालची माणसं हसतात, सगळ्या ऑफिसात हसतात, ते हसणं पगाराचा भाग असल्यासारखं असतं. हसण्याला संमती म्हणत नाहीत. कायद्यातही सगळा भर त्या वागण्यावर आहे जे समोरच्या बाईला नकोसं आहे, तू त्या क्षणी चेहऱ्यावर काय आणलंस यावर नाही. चौकशीत कोणी विचारेलच, तेव्हा लपवू नकोस. सुरुवातीला हसले, ते साहेब आहेत, काय करावं कळलं नाही, नंतर हसणं बंद केलं आणि मेसेजला उत्तर देणंही बंद केलं. हे असंच सांग.

आता शब्दाकडे येऊ. तू नेमका शब्द शोधते आहेस, पण आसपासच्या सगळ्यांनी त्यांचा शब्द आधीच ठरवून टाकलाय, आणि तो तू पत्रात चार वेळा वापरलायस. चावट.

हा शब्द आपण कुणाला लावतो बघ. तीन वर्षांच्या पोराने आजीचा चष्मा लपवला तर ‘चावट कुठला’. नवरा-बायकोत, प्रेमात पडलेल्यांत तर तो लाडाचाच आहे. म्हणजे या शब्दात माफी आधीपासून भरलेली आहे, बोलणारा रागावतो आणि त्याच दमात गालगुच्चाही घेतो. वात्रट, खोडकर, आचरट, मिश्कील, सगळी एकाच घरातली भावंडं. वात्रट तर इतका निरुपद्रवी की त्यावरून वात्रटिका नावाचा कवितेचा प्रकारच आहे. यात वाईट काही नाही, मराठीची ही श्रीमंतीच आहे. पण अठ्ठावन्न-साठीच्या अधिकाऱ्याने हाताखालच्या बाईला रात्री कपड्यांबद्दल विचारलं आणि त्याला आपण पोराटोरांचा शब्द लावला, की प्रकरण तिथेच मिटलं. चौकशी नाही, अर्ज नाही, शब्दानेच निकाल दिला. शिवाय ‘चावट’ हे विशेषण माणसाला लागतं, कृतीला नाही. ‘ते चावट आहेत’ म्हणजे तो त्यांचा स्वभाव झाला, आणि स्वभावाला औषध नाही हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. कोणत्या दिवशी कुठे काय केलं हा प्रश्न त्यात गायबच होतो.

आणि ही सवलत सगळ्यांना सारखी मिळत नाही. बायकांच्या मागे लागणारा पुरुष ‘रंगेल’ असतो, फार तर ‘दिलफेक’. मोकळेपणाने हसून बोलणारी बाई लगेच ‘उठवळ’, ‘छचोर’, ‘थिल्लर’. उद्या तू अर्ज दिलास की तुझ्यासाठीही एक शब्द तयार असेल, बहुतेक ‘आगाऊ’, नाहीतर ‘जरा जास्तच करते’. हे आधी माहीत असलेलं बरं, म्हणजे कानावर आल्यावर धक्का बसणार नाही.

मावशींचं वाईट वाटून घेऊ नकोस. त्यांच्या तरुणपणी त्यांच्याकडे शब्दच एवढे होते. १९९७ च्या आधी कामाच्या जागी असं काही झालं तर तक्रार कुठे करायची, कोणत्या नावाने करायची, याची नीट वाटच नव्हती. राजस्थानातल्या भंवरी देवींवर १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला, सरकारी कामाचा भाग म्हणून त्या बालविवाह थांबवायला गेल्या त्याचा राग म्हणून, आणि त्यातून जी याचिका उभी राहिली तिच्यावर १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ‘विशाखा’ या याचिकाकर्त्या संस्थेच्या नावाने ओळखला जाणारा निकाल दिला. तिथे पहिल्यांदा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची व्याख्या लिहून आली. कायदा व्हायला त्यानंतरही २०१३ उजाडलं. म्हणजे मावशींची अर्धी नोकरी ‘जरा लांबच राहा गं त्यांच्यापासून’ या एका वाक्यावर निघाली असणार, आणि त्या तुला तेच देतायत जे त्यांना मिळालं. पण तुझ्याकडे त्याहून जास्त आहे.

आता दुसरा ढीग, वर्तमानपत्री शब्दांचा. अतिप्रसंग, गैरप्रकार, अश्लील चाळे, असभ्य वर्तन, छेडछाड. यातला एकेक उचलून बघ. ‘गैरप्रकार’ परीक्षेत कॉपी केली तरी होतो. ‘अतिप्रसंग’ वाचून नक्की काय घडलं हे कुणालाच सांगता येणार नाही, हात धरला इथपासून बलात्कारापर्यंत सगळं त्या एका शब्दाखाली झाकलेलं असतं, आणि तो ‘ओढवतो’, कोणी करत नाही. ‘छेडछाड’ ऐकलं की भावाने बहिणीची वेणी ओढली असं वाटतं. इंग्रजीत याच्या जोडीचा ‘ईव्ह टीझिंग’ हा शब्द आपल्याकडे वर्षानुवर्षं चालला, शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने न्यायाधीश-वकिलांसाठी एक हस्तपुस्तिका काढली त्यात सांगितलं की हा शब्द सोडा, सरळ रस्त्यावरचा लैंगिक छळ म्हणा. त्यामुळे ‘शब्दात काय आहे एवढं’ असं कोणी म्हणालं तर ऐकून घे आणि सोडून दे. शब्दात काय आहे हे सुप्रीम कोर्टाला पुस्तिका काढून सांगावंसं वाटलं.

तुझी दुसरी अडचण ‘विनयभंग’. तो शब्द मला स्वतःला आवडत नाही, केलं त्याने आणि भंग झाला म्हणे हिचा. पण तो फौजदारी कायद्यातला शब्द आहे आणि त्याला ठरलेला अर्थ आहे. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात तो कलम ७४ मध्ये आहे, आधी भारतीय दंड संहितेत (आयपीसी) कलम ३५४ होतं. त्यात अंगावर हात टाकणं किंवा बळ वापरणं लागतं. लैंगिक छळ कलम ७५ मध्ये, त्यात शेरेबाजीसुद्धा येते, आणि शब्द, आवाज, हावभाव यांनी बाईचा अपमान करणं कलम ७९ मध्ये. पेपरवाले या सगळ्याला सरसकट विनयभंग म्हणतात त्यामुळे आपल्या डोक्यात गोंधळ झालाय. हा शब्द पोलीस ठाण्याचा आहे. तुला तिकडे जायचं असेल तर तू जाऊ शकतेस, आणि तसं ठरवलंस तर मदत करणं संस्थेवर बंधनकारक आहे. पण एचआरच्या अर्जात हा शब्द लिहिला म्हणून दारात पोलीस येत नाहीत.

आता नवऱ्याचं म्हणणं, की मोठा शब्द घाल. त्याची कळकळ समजते, पण मोठ्या शब्दाचा एक तोटा आहे, पुढची सगळी चर्चा मग त्या शब्दावर होते. तुम्ही विनयभंग लिहिलंय, पण त्यांनी तर फक्त खांद्यावर हात ठेवला, याला विनयभंग म्हणतात का? झालं, खांद्यावरचा हात राहिला बाजूला आणि शब्दकोश उघडला.

हे मी कल्पनेने सांगत नाही, तसं घडलंय. ॲपरल एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिल या संस्थेतल्या एका अधिकाऱ्यावर तिथल्या टायपिस्टने तक्रार केली होती, प्रकरण १९८८ चं. चौकशी झाली, त्याला काढून टाकलं. दिल्ली हायकोर्टात मात्र मुद्दा असा निघाला की त्याने ‘प्रयत्न केला’, प्रत्यक्ष स्पर्श तर झालाच नाही, मग त्याला ते नाव कसं देणार. तो तिथे जिंकला. १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं आणि बडतर्फी कायम केली, आणि स्पष्ट म्हटलं की अशा प्रकरणात शब्दाच्या कोशातल्या अर्थात आणि बारीकसारीक तांत्रिक गोष्टीत अडकू नका, एकूण काय वागणं होतं ते बघा. स्पर्श झालाच पाहिजे असं नाही हेही त्यात आलं. एका क्रियापदावरून इतकी वर्षं गेली त्या बाईची.

आणि ‘तेवढं काही झालेलं नाही’ या तुझ्या वाक्यासाठी दुसरं प्रकरण. रूपन देओल बजाज, आयएएस अधिकारी, १९८८ मध्ये चंदीगडला एका पार्टीत पंजाबचे तेव्हाचे पोलीस प्रमुख केपीएस गिल यांनी त्यांना पाठीमागे चापट मारली. त्यांनी तक्रार केली. हायकोर्टाने ती रद्द करताना जे कलम वापरलं ते क्षुल्लक इजेचं होतं, म्हणजे इतकं किरकोळ की शहाणा माणूस त्याची तक्रार करणार नाही. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे चूक ठरवलं, १९९६ मध्ये गिल दोषी ठरले आणि २००५ मध्ये ते अखेरचं कायम झालं. आयएएस बाईलाही ‘किरकोळ’ हा शब्द पुसायला इतका काळ लागला. तेव्हा ‘तेवढं नाही’ हे तू एकटीच म्हणत नाहीयेस, पण ते तू ठरवायचं नाहीयेस. आणि ‘फार भयंकर आहे’ हेही तू ठरवायचं नाहीयेस. ते अंतर्गत समितीचं काम आहे, म्हणजे अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या ऑफिसातल्या समितीचं. तुझ्या पत्रात एक गृहीत धरलेलं आहे की आधी बरोबर नाव सापडलं पाहिजे, मगच तक्रार करता येईल. हा क्रम उलटा आहे. तू काय झालं ते सांगायचं, नाव ते देतील.

मग विषयाच्या ओळीचं काय? तिथे मी तुला वर्णन करायला सांगणारच नाही. तिथे पत्ता लिही. पत्ता म्हणजे हा अर्ज कुठे जायला हवा ते. ‘गैरवर्तन’ लिहिलंस तर अर्ज एचआरच्या साध्या फाइलीत जाईल, एखादी समज दिली जाईल, संपलं. म्हणून असं लिही: ‘कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम, २०१३ नुसार तक्रार’. आणि अर्ज ‘अंतर्गत समितीच्या अध्यक्षा’ यांच्या नावाने, एचआर मॅनेजरच्या नाही. लैंगिक छळ हे तिथे कायद्याचं नाव आहे, तुझ्या साहेबांना तू लावलेलं विशेषण नाही. आणि त्या नावाखाली काय काय येतं बघ, नकोसा स्पर्श आणि जवळीक, शरीरसुखाची मागणी, लैंगिक शेरेबाजी, अश्लील काही दाखवणं, आणि बोलण्यातलं वा न बोलता केलेलं असं कुठलंही नकोसं लैंगिक वागणं. तुझ्या तिन्ही गोष्टी यात बसतात, ओढूनताणून नाही, सरळ बसतात.

आता खरी मेहनत खालच्या मजकुरात आहे आणि इथे मराठी आपल्याला एक गुपचूप खड्डा खणून ठेवते. तू पत्रात लिहिलंयस, ‘त्यांचा हात खांद्याला लागतो’. लागतो! बसमध्ये हात लागतो, गर्दीत लागतो. त्यांनी हात ठेवला. ‘लागला’ लिहिलं की कर्ता पळाला, वाचणाऱ्याला अपघात दिसतो. ‘त्यांच्या तोंडून असं निघून गेलं’ असंही आहे तुझ्या पत्रात. नाही, ते म्हणाले. ‘जरा जास्तच झालं’, ‘नको ते घडलं’, ‘अंगचटीला येणं होतं’, सगळी वाक्यं बिनमाणसाची. आपण हे सभ्यपणापायी करतो, मोठ्या माणसाबद्दल थेट लिहिणं उद्धट वाटतं म्हणून. अर्ज लिहून झाला की एकदा फक्त क्रियापदं वाच. प्रत्येक ठिकाणी ‘कोणी?’ विचार. उत्तर वाक्यातच मिळालं नाही तर ते वाक्य बदल. आणि हो, ‘त्यांनी’ आणि ‘साहेब’ हे तसंच ठेवलंस तरी चालेल, तक्रार करायची म्हणून एकदम ‘तो’ वर यायची गरज नाही. आदरार्थी बहुवचनातसुद्धा खरं लिहिता येतं.

नमुना देते, तारखा तुझ्या घाल. ‘दिनांक अमुक रोजी दुपारी चारच्या सुमारास मी माझ्या टेबलावर व्हाउचर एंट्री करत असताना साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. त्यांनी उजवा हात माझ्या डाव्या खांद्यावर ठेवला आणि दोन-तीन मिनिटं काढला नाही. मी खुर्ची पुढे सरकवली, तेव्हा त्यांनी हात पुन्हा ठेवला. शेजारच्या टेबलावर अमुक बसल्या होत्या.’ इतकंच. यात चावट नाही, नीच नाही, लंपट नाही, घाणेरडं नाही. बघ हे वाचताना तुला जास्त राग येतो की ‘साहेबांचे वर्तन अत्यंत आक्षेपार्ह असून’ वाचताना.

मेसेज मात्र शब्दशः द्यायचे. ‘अश्लील मेसेज पाठवतात’ असं लिहू नको, जे त्यांनी लिहिलं ते अवतरणात लिही, तारीख आणि वेळेसकट, आणि स्क्रीनशॉट जोड, नंबर आणि तारीख दिसेल असा. डिलीट केले असतील तर तसं सांग, ‘मी ते डिलीट केले’. ब्लाउजबद्दल बोलले तेही जसंच्या तसं, लाज वाटली तरी. ‘माझ्या पेहरावाबद्दल टिप्पणी केली’ असं सोवळं वाक्य लिहिलंस तर समितीतल्या एखाद्याला वाटेल रंगाचं कौतुक केलं असेल. त्यांनी जे बोलायची लाज बाळगली नाही ते कागदावर यायची लाज तू का वाहतेस. आणि शेवटी एक ओळ तुझी: हे मला नकोसं होतं आणि ते मी असं असं कळवलं, किंवा भीतीमुळे कळवू शकले नाही. त्याने तुझ्यावर काय परिणाम झाला तेही लिही, साधं, की संध्याकाळी उशिरा थांबायचं टाळते, केबिनमध्ये एकटी जात नाही.

मुदत लक्षात ठेव. घटनेपासून तीन महिने, आणि असं एकामागून एक होत असेल तर शेवटच्या घटनेपासून. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, पण त्यावर विसंबू नको. लेखी अर्जाच्या सहा प्रती लागतात, सोबत कागद आणि साक्षीदारांची नावं. लिहायला जमत नसेल तर समितीने मदत करायची असते, ही मेहेरबानी नाही, कायद्यात आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार थेट मालकावरच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं, जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करायची.

‘त्यांचं आयुष्य बरबाद होईल’ हे मावशी म्हणाल्या आणि तुझ्याही मनात आहे. रिटायरमेंट तोंडावर आहे, पेन्शन, मुलीचं लग्न. तर ऐक, सिद्ध झालं तर काय काय होऊ शकतं याची यादी नियमांत आहे, ती लेखी माफीपासून सुरू होते. ताकीद, बढती किंवा पगारवाढ रोखणं, समुपदेशन, आणि शेवटी नोकरीवरून काढणं. कृतीच्या मानाने ठरतं, तुझ्या विषयाच्या ओळीतल्या शब्दाच्या मानाने नाही. तुलाच वाटलं की चौकशी नको, बोलून मिटावं, तर तू समेट मागू शकतेस, फक्त तो तूच मागायचा असतो, त्यांनी किंवा एचआरने तुझ्या गळ्यात मारायचा नाही, आणि त्यात पैशाची देवाणघेवाण चालत नाही. मी तुला समेट कर असंही म्हणत नाही आणि करू नको असंही नाही. लेखी माफी आणि रात्रीचे मेसेज बंद, एवढंच तुला हवं असेल तर त्यात कमीपणा नाही. पण ‘माणूस जातोय आता’ म्हणून गप्प बसायचं असेल तर एक विचार कर, आठ-दहा महिने तू त्याच खुर्चीत बसणार आहेस.

एक गोष्ट तू विचारली नाहीस पण तुझ्या पत्रात दिसते. तुझा वार्षिक अहवाल हेच साहेब लिहितात. चौकशी चालू असताना तुझा अहवाल त्यांच्याऐवजी दुसऱ्या अधिकाऱ्याने लिहावा अशी लेखी मागणी समितीकडे करता येते. तुझी किंवा त्यांची बदली, तुला तीन महिन्यांपर्यंत वेगळी रजा, हेही मागता येतं. अर्जासोबतच माग, नंतर सुचण्याची वाट पाहू नको.

‘खोटी ठरली तर मलाच शिक्षा’ ही भीती बऱ्याच जणी लिहितात. पुरावा कमी पडला म्हणजे तक्रार खोटी ठरली असं होत नाही, हे कायद्यात वेगळं लिहिलंय. जाणूनबुजून, खोडसाळपणे खोटं लिहिलं असं चौकशीत सिद्ध व्हावं लागतं. वर सांगितलं तसं नुसतं घडलेलं लिहिलंस, फुगवलं नाहीस, तर हा प्रश्नच येत नाही. शब्द लहान ठेवण्याचा हाही एक फायदा.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी, कारण या विषयावर बरीच पत्रं येतात आणि सगळी एका जातीची नसतात. साहेब सगळ्यांवर ओरडतो, ‘अक्कल गहाण टाकलीय का’ म्हणतो, तो उर्मट आहे, त्याची तक्रार उर्मटपणाची करा, ती वेगळ्या ठिकाणी जाते. बाई आहे म्हणून मुद्दाम पाणउतारा करत असेल तर मात्र गोष्ट वेगळी, ते लिहा. सहकाऱ्याने एकदा कॉफीला येतेस का विचारलं, तुम्ही नाही म्हणालात, त्याने ठीक आहे म्हटलं आणि नंतर नीट वागला, तर त्याला काहीच नाव द्यायची गरज नाही. नाही म्हटल्यावर पुन्हा पुन्हा विचारत राहिला तर तारखा लिहायला लागा. पुरुष वाचकांचीही पत्रं येतात, बॉस बाई असो वा पुरुष, नकोशी सलगी त्यांच्याही वाट्याला येते. २०१३ चा कायदा तक्रारदार म्हणून बाईलाच धरतो, त्यामुळे त्यांनी संस्थेच्या सेवानियमांखाली एचआरकडे लिहायचं, पण लिहायची पद्धत हीच, कोणी, कधी, काय केलं. आणि जे विचारतात की मग आता ऑफिसात थट्टामस्करी करायचीच नाही का, त्यांनी करावी की, ज्याची मस्करी चाललीय तोही उलटून तितक्याच मोकळेपणाने तुमची करू शकत असेल तर खुशाल करावी.

मावशींशी भांडू नकोस. पुढच्या वेळी त्या ‘चावट आहेत गं’ म्हणाल्या की फक्त विचार, चावट म्हणजे काय केलं त्यांनी, तुमच्याशी कधी काय केलं होतं? आणि गप्प बस, त्यांना बोलू दे. ‘सोड गं’ म्हणणाऱ्या बायकांकडेच कित्येकदा तारखेसकट आठवणी असतात. त्यांनी सांगितलं आणि त्यांची तयारी असेल तर साक्षीदारांच्या यादीत त्यांचं नाव घाल, नसेल तर आग्रह नको.

अर्ज दिल्यावर पोच घे, तारीख आणि सही असलेली, ईमेलने दिलास तर स्वतःच्या खाजगी ईमेलवर प्रत ठेव, फक्त ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवू नको. मग चौकशी नव्वद दिवसांत संपायला हवी, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल तुला आणि त्यांना दोघांनाही मिळायला हवा. मधल्या काळात कोणी टेबलापाशी येऊन ‘काय गं, काय लिहिलंस म्हणे साहेबांबद्दल’ असं विचारेल. तक्रारीतला मजकूर आणि नावं बाहेर फोडायला कायद्याने मनाई आहे, तेव्हा ‘ते समितीकडे आहे’ एवढंच सांगून कामाला लाग, आणि ही बातमी विचारणाऱ्यापर्यंत कशी पोचली हे अध्यक्षांना त्याच दिवशी लेखी विचार.